मेन्युहिनसाहेबांची मांडी

यहुदी मेन्युहिन हा व्हायोलिनवादक म्हणून केवढा मोठा होता, हे सांगण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. मी बी. कॉम. आहे. माझं संगीत कानापाशी सुरू होतं आणि कानापाशीच संपतं. हातापर्यंत ते कधी उतरलंच नाही. मांडी घालून बसणं या विषयावर मात्र मी अधिकारवाणीने बोलू शकतो. पंगती, सत्यनारायण, लग्नाच्या याद्या आणि गणपतीतली गाणी मिळून आयुष्याचे कितीतरी तास मी मांडीत काढले आहेत, आणि चाळिशी उलटल्यावर दुसऱ्या तासाला डावा गुडघा कुठल्या सप्तकात बोलायला लागतो, हेही मला पाठ आहे. म्हणून इंग्लंडातल्या बाथ गावच्या १९६६ सालच्या महोत्सवातली ती छायाचित्रं पाहिली, की माझं लक्ष आधी व्हायोलिनकडे जातच नाही. रविशंकर सतार घेऊन बसलेत, अल्लारखाँ तबल्यापाशी आहेत. ही मंडळी जन्मजात बसलेली. आणि त्यांच्या शेजारी, पन्नाशी गाठलेला, सगळा जन्म काळ्या कोटात ताठ उभं राहून बेथोव्हन वाजवलेला हा गृहस्थ चक्क जमिनीवर मांडी ठोकून बसलाय. मनात येतं, वाजवतील हो, वाजवणं त्यांच्या हातचंच आहे. पण उठताना काय?

ह्या मांडीचं आपल्याकडे फार कौतुक झालं. साहजिकच आहे. साहेब देशातून जाऊन तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती, आणि तोवर साहेब खुर्चीत व आपण खाली असा बसण्याचा क्रम ठरलेला. (मेन्युहिन हा अमेरिकेत जन्मलेला ज्यू. त्याने बिचाऱ्याने कधी कुणावर राज्य केलं नाही. पण गोरा म्हटला की आपल्या लेखी साहेबच.) असा साहेब, तोही आपल्या धंद्यातला पहिल्या रांगेतला, आपल्या पंडितजींच्या शेजारी खाली येऊन बसतो आणि त्यांच्याकडून राग समजून घेतो म्हटल्यावर छाती फुगायचीच. दुसरा पक्ष नाकं मुरडणाऱ्यांचा. त्यांचं म्हणणं, गोऱ्याच्या हातून मींड निघायची नाही, आणि रविशंकर परदेशात जाऊन बिघडले ते बिघडलेच. हे दोन्ही पक्ष मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि दोघांत मला एकच साम्य आढळलेलं आहे. 'वेस्ट मीट्स ईस्ट' नावाची ती १९६७ची तबकडी दोघांनीही पुरती ऐकलेली नाही. फुगणाऱ्यांनी मांडी पाहिली, मुरडणाऱ्यांनीही मांडीच पाहिली. तबकडीला दुसरी बाजू असते, त्या बाजूला काय आहे, असं विचारून पाहा. विषय बदलतात. आता तर तबकडी उलटायचीही मेहनत उरलेली नाही, मोबाइलवर बोट ठेवलं की वाजते. मेन्युहिन १९९९ साली गेला, अल्लारखाँ २००० साली, रविशंकर २०१२ साली. कुणाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलायचंही कारण उरलेलं नाही. तेव्हा जरा हिशेब मांडूनच बघू.

पण साहेब मुळात खाली बसला कसा, ते आधी सांगायला हवं.

मेन्युहिनचा जन्म १९१६चा. तेरावं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं तेव्हा, १९२९ साली, बर्लिनमध्ये ब्रूनो वाल्टरच्या वाद्यवृंदाबरोबर त्याने बाख, बेथोव्हन आणि ब्राह्म्स यांचे तीन कॉन्चेर्टो एका संध्याकाळी वाजवले. आमच्याकडे तेराव्या वर्षी मुलाला दूध आणायला धाडताना सुट्टे पैसे दोनदा मोजून हातात द्यावे लागतात. असो. पण असल्या मुलांचं एक असतं. पोर जसं व्याकरण न शिकता बोलायला लागतं, तशी ही वाजवायला लागतात. बोलणं अडत नाही तोवर सगळं ठीक. पुढे महायुद्धात त्याने सैनिकांपुढे आणि इस्पितळांतून पाचशेच्या वर कार्यक्रम केले, आणि त्या दगदगीनंतर हात कुरकुर करू लागला. तेव्हा ध्यानात आलं, की हा हात आजवर कसा चालत होता ते खुद्द मालकालाच ठाऊक नाही! बँकांतून पूर्वी असे एकेक हेडकॅशियर असत. नोटांचं बंडल अंगठ्याखालून फर्रकन सोडायचे, शंभराच्या शंभर बरोबर. मग एखादं शिकाऊ पोरगं विचारायचं, "काका, तुम्ही हे करता कसं?" आणि काका सावकाश करून दाखवायला जायचे, तो अठ्ठ्याण्णवच्या पुढे गाडी हलेना. त्या दिवसापासून काका थुंकी लावून एकेक नोट मोजायला लागायचे. मेन्युहिनवर ती पाळी आली, आणि ती बँकेच्या काउंटरवर नव्हे, भर सभागृहात, जगापुढे.

अशा अवस्थेत १९५२ साली तो नेहरूंच्या आमंत्रणावरून भारतात आला. योगासनांचा नाद त्याला लागलेलाच होता. नेहरूंनी त्याला शीर्षासन करून दाखवायला सांगितलं आणि मग स्वतःही करून दाखवलं, ही हकिगत प्रसिद्ध आहे. (परराष्ट्र धोरण त्या काळी असं चालत असे.) मुंबईत त्याला पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार भेटले. पाहुणा थकलेला होता. अय्यंगारांनी त्याला आडवं केलं आणि तो गाढ झोपी गेला. पुणेकराला भेटून पाहुण्याला झोप लागावी यात नवल नाही. नवल हे, की पाहुणा त्याबद्दल जन्मभर कृतज्ञ राहिला. १९५४ साली त्याने अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं आणि एक घड्याळ दिलं. माझे सर्वांत चांगले व्हायोलिनशिक्षक हे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला होता. (पुढे १९८२ साली बर्लिन फिलहार्मोनिकच्या शताब्दीला ह्याच माणसाने डोक्यावर उभं राहून बेथोव्हनची पाचवी सिंफनी पायांनी चालवून दाखवली. नाद म्हणजे नाद.)

१९५२च्याच मुक्कामात दिल्लीला नारायण मेननांच्या घरी त्याने रविशंकरांची सतार ऐकली आणि तो गारद झाला. १९५५ साली त्याने न्यूयॉर्कला आपल्या संगीताचा कार्यक्रम ठरवला; रविशंकरांना जमेना म्हणून अली अकबर खाँ गेले, आणि मेन्युहिन स्वतः उभा राहून लोकांना राग म्हणजे काय, ताल म्हणजे काय, हे समजावून सांगू लागला. त्या वेळच्या ध्वनिमुद्रिकेवर त्याचं हे निवेदन आहे. इतका भारी निवेदक आपल्या कुठल्याही संगीतमंडळाला मिळालेला नाही. आपल्याकडचा निवेदक कलावंताच्या आधी स्वतःचीच दोन कडवी म्हणून घेतो.

म्हणजे १९६६ साली जी मांडी दिसते, तिच्यामागे चौदा वर्षांचा रियाज आहे. मांडीचा. रागाचा नव्हे. आणि माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते.

तबकडी उघडते 'प्रभाती'ने. गुणकलीवर बेतून रविशंकरांनी लिहिलेली चारेक मिनिटांची रचना. त्यात सतार नाही. एकटं व्हायोलिन आणि सोबत अल्लारखाँचा तबला. सूर बेसूर होण्याचा तर प्रश्नच नाही. कोमल रिषभ जिथे हवा तिथे आहे. पण तो थरथरतो. युरोपात व्हायोलिनवर लांब स्वर धरला, की तारेवरचं बोट हलवून त्याला कंप देतात. तो त्यांच्या लेखी स्वराचा श्वास. कंप नसला तर स्वर मेला म्हणतील. आपल्याकडे पहाटेच्या रागातला कोमल रिषभ उभा राहिला की उभा राहिला पाहिजे, आणि हललाच तर घाटाला बांधलेली होडी हलावी तसा, सावकाश. मेन्युहिनचा रिषभ माघ महिन्यात थंड पाण्याने आंघोळीला निघालेल्या माणसासारखा हलतो. त्यामुळे पहाट झालेली आहे, हे पटतं. राग मात्र अंगावर काटा आणल्यासारखा पुढे सरकत राहतो.

ह्यात दोष त्याचा नाही, हनुवटीचा आहे. आपल्याकडचा व्हायोलिनवाला मांडी घालतो, उजवा पाय जरा पुढे काढतो आणि वाद्याचं डोकं त्या पायाच्या घोट्यापाशी टेकवतो. दुसरं टोक छातीशी. असं दोन्हीकडे टेकलं की डाव्या हाताला वाद्याचं ओझं उरत नाही, आणि तो तारेवर खालीवर घसरगुंडी खेळायला मोकळा होतो. मींड येते ती तिथून. युरोपात वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यात धरायचं, पुढचं टोक अधांतरी. तिथला डावा हात म्हणजे संसारी माणूस. वाजवायचंही त्याने आणि घर सावरायचंही त्यानेच. तो एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर झपकन जाईल, नेमका जाईल, पण मधल्या वाटेवर रमतगमत हिंडायची त्याला सवय नाही. मेन्युहिन मांडी घालून बसला खरा, पण व्हायोलिन हनुवटीखालीच राहिलं. कमरेखाली भारत आणि कमरेवर युरोप असा तो प्रकार आहे. आता कुणी म्हणेल, मग तेही खाली टेकवायचं होतं. बोलायला काय जातं! पन्नासाव्या वर्षी ती हनुवटी सोडली असती, तर बेथोव्हन कुठे ठेवायचा?

मधला पुरिया कल्याण हा नुसता रविशंकर आणि अल्लारखाँ यांचा. मेन्युहिन त्यात नाही. पहिल्या बाजूवरचं सर्वांत चांगलं संगीत हेच आहे आणि ह्यावर मी वाद घालणार नाही. ज्यांना घालायचाय त्यांनी आधी ते ऐकावं, मग वाद आपोआप मिटेल.

त्यानंतर येते 'स्वर-काकली'. सगळी बोलबाला हिची. सतार आणि व्हायोलिन समोरासमोर, राग तिलंग. तिलंग तसा मोकळ्या स्वभावाचा राग, ठुमरीत रमणारा. रिषभ-धैवताला फाटा दिलेला, निषाद मात्र दोन्ही. परक्या पाहुण्याला पहिल्या दिवशी न्यावं असंच हे घर आहे. बाथसाठी आधी पीटर फॉइश्टवँगर नावाच्या संगीतकाराकडून तिलंगावर एक रचना करून घेतलेली होती. रविशंकरांना ती पसंत पडेना, म्हणून त्यांनी ती बरीचशी नव्याने बांधली. मेन्युहिनच्या वाट्याचं सगळं कागदावर, त्याच्या लिपीत, काळ्या टिपक्यांत लिहिलेलं. सतारवाल्याला कागदाची गरज नव्हती.

हळूहळू लय वाढते आणि सवाल-जवाब सुरू होतात. सतार एक तुकडा टाकते, व्हायोलिन तो उचलून परत टाकतं. फटाफट. कुठे अडखळणं नाही, कुठे उशीर नाही. टाळ्या घेणारं प्रकरण आहे आणि बाथला ते उभं राहून दाद घेऊन गेलं असेल तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. पण माझा जन्म गेला नावे-जमेत. दिवसाच्या शेवटी ताळा जुळला नाही, की आम्ही रात्री आठ-आठ वाजेपर्यंत खुर्चीला खिळून एकेक नोंद तपासतो. एखाद्या दिवशी मात्र पहिल्याच फटक्यात सगळं पैशापैशाने जुळतं, आणि नेमका तेव्हाच जुना अधिकारी चष्मा काढून पुसायला घेतो. कारण दोन्ही बाजू एकाच माणसाने लिहिल्या असल्या तर जुळणारच की! स्वर-काकलीतला ताळा हा असा जुळतो. सवालही रविशंकरांचा आणि जवाबही रविशंकरांचाच, फक्त सही मेन्युहिनची. जवाब हुकण्याची भीतीच नसेल, तर सवालात काय राम राहिला?

ह्याच्यासमोर आपल्या वाईचे वि. गो. जोग आणि बिस्मिल्ला खाँ यांची जुगलबंदी ठेवून बघा. तिथेही एक व्हायोलिन आहे, आणि समोर सनईसारखं फुंकीचं वाद्य; म्हणजे वाद्यांच्या जाती अगदी वेगळ्या. पण दोघांची भाषा एक. जोगांना खाँसाहेबांचं पुढचं वाक्य ठाऊक नसतं, ते कुठल्या व्याकरणात येणार हे मात्र ठाऊक असतं. म्हणून सनईने काहीतरी खट्याळ केलं, की व्हायोलिन क्षणभर थांबतं. मला तो क्षण आवडतो. त्या एका थबकण्यात, आता ह्याला उत्तर काय द्यावं, असा विचार ऐकू येतो. स्वर-काकलीत मी तो क्षण पुन्हा पुन्हा शोधला. एक-दोन ठिकाणी सापडल्यासारखं वाटलं, पण तिथे थबकले होते ते अल्लारखाँ. त्या सबंध तबकडीला जामीन राहिलेला माणूस कोण असेल तर तो अल्लारखाँ. व्हायोलिनचा तोल जरा कागदाकडे झुकला, की त्यांचा बायाँ खालून हळूच हात लावतो. जामीनदाराचं नाव कुणी घेत नाही. आमच्याकडेही हप्ते थकले तरच घेतात.

तरीही मी त्या नाकं मुरडणाऱ्यांच्या पक्षाला का जात नाही, ते सांगतो. १९६६ साली मेन्युहिनच्या स्वतःच्या घराचं छप्पर गळत होतं. त्याचा गज पूर्वीसारखा चालत नाही, असं त्याच्याच लोकांत उघड बोललं जात होतं. अशा वेळी माणूस काय करतो? आपला हुकमी माल तेवढा बाहेर काढतो. आमच्यात निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरलेला माणूस नव्या खात्यात बदली घेत नाही. जुन्या टेबलाला दोन्ही हातांनी धरून बसतो, आणि संगणकावर काही नवीन आलं की चहाला जातो. हा गृहस्थ, ज्याला आपल्या दुकानात काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं आणि घालवायला मात्र पुष्कळ होतं, तो दुसऱ्याच्या दुकानात जाऊन उमेदवार म्हणून बसला. तेही बंद खोलीत नाही. बाथच्या महोत्सवाचा कलासंचालक तो स्वतः होता. आपल्याच घरच्या कार्यात त्याने आपला पाट खाली मांडून घेतला. १९६७च्या डिसेंबरात मानवी हक्क दिनाला संयुक्त राष्ट्रसंघात पुन्हा हेच केलं. तबकडी धडाधड खपली, तिला १९६८ साली चेंबर म्युझिकसाठी ग्रॅमी मिळालं, आणि लगेच दुसरा भाग निघाला. त्या भागातला पिलू मला स्वर-काकलीपेक्षा जास्त आवडतो. त्यात व्हायोलिनने कोटाची वरची दोन बटणं सोडलेली आहेत.

नंतर साहेबांनी जॅझवाल्यांत ऊठबस सुरू केली. १९७१ साली बीबीसीवर मायकेल पार्किन्सनच्या कार्यक्रमात त्याची गाठ स्तेफान ग्रापेलीशी घालून दिली गेली. ग्रापेली पॅरिसचा, मेन्युहिनपेक्षा आठ वर्षांनी मोठा, बराचसा स्वतःच शिकलेला. १९३४पासून जँगो राइनहार्टच्या गिटारबरोबर वाजवून त्याने व्हायोलिनला जॅझमध्ये मानाची जागा मिळवून दिलेली. दोघांनी 'जॅलसी' नावाचा जुना टँगो वाजवला, लोक खूश झाले, आणि मग कित्येक वर्षं त्यांच्या एकत्र तबकड्या निघत राहिल्या. इथेही मेन्युहिनचा भाग लिहून दिलेलाच. आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं आपल्याला जमत नाही, हे तो मोकळेपणाने कबूल करी. ग्रापेलीला मात्र एकच जागा दोनदा तशीच घ्यायचा कंटाळा.

असं असूनही ह्या तबकड्या कानाला गोड लागतात. का लागतात? एक तर वाद्य तेच. हनुवटीचा प्रश्न मिटला, दोघांच्याही हनुवट्या एकाच पंथाच्या. दुसरं म्हणजे इथे मेन्युहिन दुसऱ्याच्या घरातला असल्याचा आव आणत नाही. ग्रापेली तालाच्या किंचित मागे रेलून वाजवतो, लोडाला टेकल्यासारखा. मेन्युहिन तालावर सावधान उभा. सदाशिव पेठेतले शास्त्रीबुवा आणि वऱ्हाडातले तात्यासाहेब एसटीत शेजारी-शेजारी बसून एकाच लग्नाचं वर्णन करताहेत, असं वाटतं. शास्त्रीबुवा एकही प्रत्यय गाळत नाहीत आणि तात्यासाहेब एकही वाक्य पुरं करत नाहीत. दोघांना मिळून ऐकण्यातच मजा. खरं सांगायचं तर ह्या तबकड्यांवर दोघंही उभे असतील, पण मांडी घातली आहे ती ग्रापेलीने.

त्यानंतर अशा गाठीभेटींचा सुकाळच झाला, आणि त्यांतल्या बहुतेकांत मला रस नाही. ड्रम, कीबोर्ड, मृदंग आणि बासरी एका मंचावर जमतात, प्रत्येक जण आपलं आपलं वाजवतो आणि शेवटी सगळे मिळून जोरात तिहाई घेतात. ह्याला फ्युजन म्हणतात. आमच्याकडे ह्याला पगारवाढीची सभा म्हणतात. अपवाद 'शक्ती'चा. १९७५च्या सुमाराचा तो संच. त्यात व्हायोलिन एल. शंकरचं, म्हणजे कर्नाटकी घरात वाढलेलं. तबल्यावर अल्लारखाँचे चिरंजीव झाकीर हुसेन, घटम विक्कू विनायकरामांचं. ह्या वेळी पाहुणा होता तो गिटारवाला, जॉन मॅकलाफ्लिन. पण ह्या पाहुण्याने काय केलं पाहा. मांडी तर घातलीच, शिवाय गिटारची मान पडद्यांच्या मध्ये खोदून घेतली, म्हणजे तार खाली दाबून मींड काढता यावी, आणि आडव्या तरफांसारख्या जादा ताराही बसवून घेतल्या. ह्याला म्हणतात खर्चात पडणं. मेन्युहिनने स्वतःला वाकवलं, वाद्याला वाकवलं नाही. तीनशे वर्षांच्या व्हायोलिनला छिन्नी लावा, असं त्याला सांगायची माझी छाती नाही. पण ऐकताना फरक पडतो तो पडतोच.

आता मी दुसरी बाजू लावतो. 'वेस्ट मीट्स ईस्ट'ची दुसरी बाजू. तिच्यावर सतार नाही, तबला नाही, भारतीय माणूस औषधालासुद्धा नाही. मेन्युहिन आणि त्याची बहीण हेफ्झिबा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानो. आणि रचना आहे जॉर्जे एनेस्कूची, तिसरी सोनाटा, १९२६ सालची. मुखपृष्ठावरचा पूर्व-पश्चिम मिलाफ पाहून ज्यांनी तबकडी विकत घेतली, त्यांनी ही बाजू उरलेली जागा भरायला टाकली असेल, असं समजून ठेवून दिली. मला विचाराल तर ठरलेली भेट होते ती ह्याच बाजूवर.

एनेस्कू हा रुमानियाचा. खेड्यातल्या लग्नाकार्यांत वाजवणाऱ्या तिकडच्या फिडलवाल्यांचं वादन त्याच्या कानात लहानपणापासून मुरलेलं. ही सोनाटा त्याने रुमानियन लोकसंगीताच्या ढंगात लिहिली, पण एकही गाणं जसंच्या तसं उचललं नाही. त्या गावठी वादकाचं बोट कुठे घसरतं, कुठल्या स्वराला तो किंचित चढा किंवा उतरता ठेवतो, गज कुठे जड टाकतो आणि कुठे नुसता फुंकर घातल्यासारखा फिरवतो, हे सगळं त्याने कागदावर इतकं बारीक लिहून ठेवलं आहे, की आमचं लेखापरीक्षण खातंही शरमून जाईल. म्हणजे इथेही कागदच आहे. प्रभातीपेक्षा कितीतरी दाट लिहिलेला कागद. तरीही ऐकताना कागद दिसत नाही. व्हायोलिन रडतं, घसरतं, मध्येच हसून एखादी मुरकी घेतं, आणि माणूस आत्ता इथे बसून मनाने वाजवतोय असंच वाटतं. जो मेन्युहिन प्रभातीत काठाकाठाने चालत होता, तो इथे भर पुरात उडी टाकतो. आणि तो कंप! प्रभातीत जो मला खुपत होता, तोच इथे हुंदक्यासारखा वेळेवर येतो आणि काम झालं की जातो.

ह्याचं कारण साधं आहे. एनेस्कू हा मेन्युहिनचा गुरू. १९२७ साली पॅरिसला, अकरा वर्षांचा असताना, मेन्युहिन त्याच्यापाशी गेला. ह्या स्वरांत तो चाळीस वर्षं होता. तिलंगाशी त्याची ओळख झाली ती आपल्या चाळिशीनंतरच्या मोकळ्या वेळात. सतारीपुढे तो गोरा साहेब आणि रुमानियन शेतकऱ्यापुढे घरचा, असं मुळीच नव्हतं. न्यूयॉर्कला जन्मून कॅलिफोर्नियात वाढलेल्या मुलाला दोन्ही सारखेच परके. एकापाशी तो मिसरूड फुटायच्या आधी पोचला, दुसऱ्यापाशी चाळशी लागायच्या सुमाराला. ठेव तीच, व्याजाचा दरही तोच. मुदतीत फरक पडला. हे मी आमच्या एका स्नेह्यांना सांगितलं. ते फुगणाऱ्या पक्षाचे. म्हणाले, "म्हणजे पंडितजींनी त्याला लहानपणीच धरायला हवं होतं म्हणता?" धरलं असतं तर बेथोव्हनवाले आपल्या दारात मोर्चा घेऊन आले असते, इतकंच मी म्हटलं.

त्या सोनाटाचा दुसरा भाग रात्री ऐकण्याचा आहे. सुरुवातीला हेफ्झिबा पियानोवर एकच स्वर वाजवते. पुन्हा तोच. पुन्हा तोच. ठिप, ठिप, ठिप. त्यावर व्हायोलिन येतं ते गज तारेला लागलाय की नाही कळू नये इतकं हलकं, शिटीसारखं, दूरच्या शेतातून कुणीतरी शीळ घालत यावं तसं. मांडी नाही, गालिचा नाही, उदबत्ती नाही. नुसता एक धरून ठेवलेला स्वर आणि त्याच्या आधाराने चाचपडत वर चढणारा दुसरा. परवा रात्री मी हे लावून बसलो होतो. पाचेक मिनिटं गेली असतील. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मोरीचा नळ गळतोय बघा. पाणी फुकट चाललंय."

"नळ नाही गं," मी म्हटलं, "तानपुरा आहे."

"मग तो तरी नीट बंद करा," ती म्हणाली.